भाषणातील उसनवारी आणि तिचा उल्लेख

लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णाभाऊ साठे ह्यांची जयंती एकाच दिवशी, म्हणजे १ ऑगस्ट रोजी येते. १९२० साली त्याच दिवशी एकाचे देहावसान झाले आणि दुसऱ्याचा जन्म झाला. ह्या योगामुळे पावसाळ्यातील हा कार्यक्रम शाळाशाळांतून विशेष उत्साहाने पार पडतो. मुरबाड तालुक्यातील एका शाळेत अशा प्रसंगी नऊ मुलांची भाषणे झाली. सहा मुलांनी शेंगांच्या टरफलांची गोष्ट सांगितली आणि त्यांपैकी चौघांच्या गोष्टीत शब्दन्‌शब्द तोच होता. पाचव्या मुलाचा धागा मध्येच तुटला. त्याने पुनः “सन्माननीय व्यासपीठ” पासून आरंभ केला, पुनः त्याच वाक्याशी अडला आणि मान खाली घालून जागेवर जाऊन बसला. नंतर सहावीतील एक मुलगी उभी राहिली. “हे मी शाळेच्या पेटीतल्या पुस्तकात वाचलं,” असे प्रथम सांगून तिने अण्णाभाऊंविषयी चार वाक्ये म्हटली. मग “माझा आजा शाहिरांची गाणी म्हणायचा, त्यानं मला हे सांगितलं,” असे म्हणून आजोबांची एक आठवण सांगितली आणि ती खाली बसली. पहिले बक्षीस टरफलांची गोष्ट न अडखळता म्हणणाऱ्या मुलास मिळाले. मुलीच्या नावासमोर परीक्षकांनी शेरा लिहिला होता : “तयारी अपुरी. भाषा घरगुती.”

हा शेरा लिहिणारे शिक्षक निष्काळजी नव्हते. वक्तृत्व म्हणजे पाठांतर, हातवारे आणि चढा स्वर अशी जी समजूत रूढ झाली आहे तिला अनुसरूनच त्यांनी गुण दिले. परंतु त्या दिवशी नऊ मुलांपैकी एकाच मुलीने आपले कोणते आणि दुसऱ्याचे कोणते हे श्रोत्यांना सांगितले होते, आणि तिला मिळालेली पावती ही अशी होती. पुढील वर्षी ती काय करील हे सांगण्यास ज्योतिषी नको. तीही कोणाकडून तरी कागद लिहून आणील.

दुसऱ्याचे लेखन आपले म्हणून पुढे करणे ह्यास मराठीत वाङ्मयचौर्य असा भारदस्त शब्द आहे. आठ-दहा वर्षांच्या मुलाला तो लावू नये. मूल जे भाषण म्हणते ते बहुधा त्याच्या हाती दिलेले असते. कधी गुरुजी वहीच्या पानावर मजकूर लिहून देतात, कधी पालक बाजारातील भाषणांची पुस्तिका आणतात, आणि अलीकडे मोबाईलवरून उतरवून घेतात. मजकूर कोणाचा, हा प्रश्न त्याला कोणी विचारलेलाच नसतो. मालकी म्हणजे काय हे शिकविले नाही आणि चोरीचा ठपका मात्र ठेवला, हा न्याय होणार नाही. म्हणून हा विषय शिक्षेचा न समजता अध्यापनाचा समजावा.

शिकविण्यास आधार मुलांच्या भोवतीच आहे. हरिनाम सप्ताहात कीर्तनास बसलेले मूल अभंगाच्या शेवटी येणारी नाममुद्रा जन्मापासून ऐकत असते. तुकोबांचा अभंग म्हणताना तुकोबांचे नाव आपोआप येते, जनाबाईंचा म्हणताना जनाबाईंचे येते. कीर्तनकार निरूपण स्वतःचे करतो, पण त्यात ओवी आली की ती माउलींची म्हणून सांगतो आणि श्रोतेही ते सांगण्याची वाट पाहतात. रामदासांनी दासबोधाच्या पहिल्याच समासात आपल्या ग्रंथास ज्यांची संमती आहे त्या गीतांची व इतर ग्रंथांची नावे एकामागून एक सांगितली आहेत. एकनाथांची गोष्ट तर शिक्षकांनी वर्गात अवश्य सांगावी. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, नाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. नाथ स्वतः कवी, ओवी रचणे त्यांना सहज साध्य. तरी दुसऱ्याच्या ग्रंथात आपली ओवी मिसळणे म्हणजे अमृताच्या ताटात नरोटी ठेवणे होय, अशा अर्थाची सूचना त्यांनी शेवटी लिहून ठेवली. येथे प्रश्न चोरीच्या उलट दिशेचा आहे. दुसऱ्याचे आपल्या नावावर घेणे हा जसा दोष, तसाच आपले दुसऱ्याच्या नावावर घालणे हाही दोष आहे. आणि व्यासपीठावर हा दुसरा दोषच अधिक घडतो, हे पुढे दिसेल.

प्रत्येक वाक्यास आधार सांगावयाचा काय, अशी शंका शिक्षक नेहमी विचारतात. तसे केल्यास भाषणाची यादी होईल. मुंबई ते ठाणे ही आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाली, किंवा तानसा व भातसा ह्या तलावांचे पाणी मुंबईस जाते, हे सर्वांस ठाऊक असलेले व कोठेही पडताळता येणारे ज्ञान आहे. ते कोणा एकाचे नव्हे. परंतु कोणाचे नेमके शब्द, कोणी शोधून काढलेला आकडा, कोणी लावलेला अर्थ, किंवा कोणी सांगितलेली आठवण भाषणात आली की धनी सांगितला पाहिजे. शब्द बदलले म्हणजे धनी बदलला असेही समजू नये. “महान” च्या जागी “थोर” आणि “कार्य” च्या जागी “काम” घातले तरी विचारांची मांडणी ज्याची होती त्याचीच राहते. मुलांना हे सांगताना शेजारच्या घरून आणलेल्या टोपलीचा दाखला पुरेसा आहे. टोपलीला शेण-माती सारवली म्हणून ती आपली होत नाही.

आता एक पाठ प्रत्यक्ष पाहू. विषय कल्याणचाच घ्यावा : डॉ. आनंदीबाई जोशी. इयत्ता सहावी-सातवीस हा पाठ दोन तासिकांत होतो.

पहिल्या तासिकेत शिक्षकाने मुलांना आनंदीबाईंविषयी जे जे ठाऊक आहे ते सांगण्यास लावावे आणि फळ्यावर लिहावे. प्रत्येक वाक्यापुढे “हे तुला कोणी सांगितले?” एवढेच विचारावे. उत्तरे बहुधा “बाईंनी”, “चित्रपटात होते”, “मोबाईलमध्ये” अशी येतात. ती हसण्यावारी न नेता वाक्यासमोर तशीच लिहावीत. थोड्याच वेळात फळ्याच्या उजव्या बाजूस मुलांच्या ज्ञानाचा उगम उभा राहतो, आणि सर्वांचे बोट शेवटी दोन-तीन ठिकाणांकडेच वळते हे मुलांच्याच लक्षात येते.

दुसऱ्या तासिकेत ह्या उगमांची प्रतवारी करावी. आनंदीबाई १८८३ साली अमेरिकेस गेल्या, १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे निवर्तल्या. त्यांच्या मृत्यूनंतर लवकरच, १८८८ साली, कॅरोलाइन डॉल ह्या अमेरिकन बाईंनी त्यांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. मराठीत काशीबाई कानिटकरांनी चरित्र लिहिले. पुढे अंजली कीर्तने ह्यांनी बराच शोध घेऊन विस्तृत चरित्र सिद्ध केले. ही चरित्रे होत. श्री. ज. जोशी ह्यांची ‘आनंदी गोपाळ’ ही १९६८ साली आलेली कादंबरी आहे आणि त्याच नावाचा चित्रपट २०१९ साली आला. कादंबरीकारास संवाद रचण्याचा अधिकार असतो, तो त्याचा धर्मच होय. परंतु गोपाळराव आणि आनंदी स्वयंपाकघरात काय बोलली हे ऐकण्यास कादंबरीकार तेथे बसला नव्हता. म्हणून तो संवाद भाषणात घ्यावयाचा तर “श्री. ज. जोशी ह्यांच्या कादंबरीत आनंदी असे म्हणते” हे शब्द आधी आले पाहिजेत. ते न आल्यास कादंबरीकाराचे शब्द आनंदीबाईंच्या नावावर पडतात आणि एकाच वाक्यात दोघांवर अन्याय होतो. आनंदीबाईंचे जन्मस्थान काही पुस्तकांत कल्याण तर काहींत पुणे असे दिलेले आढळते, हाही ह्या तासिकेत सांगण्याजोगा मुद्दा आहे. कल्याण हे त्यांचे माहेर. तेव्हा कल्याण तालुक्यातील मुलाने “आमच्या कल्याणच्या आनंदीबाई” असे अभिमानाने म्हणावे, पण जन्मगाव सांगताना कोणत्या पुस्तकाचा आधार घेतला ते सांगावे.

आणि मग शिक्षकाने हा प्रश्न टाकावा : आनंदीबाई स्वतः कधी बोलल्या काय? बोलल्या होत्या. अमेरिकेस निघण्यापूर्वी, १८८३ च्या आरंभी, बंगालमधील श्रीरामपूर येथील महाविद्यालयाच्या सभागृहात त्यांनी इंग्रजीतून जाहीर भाषण केले. वयाचे अठरावे वर्ष चालू, समोर मोठा समुदाय, आणि देशात त्यांच्या जाण्यावरून टीका चाललेली. त्यांनी लोकांचे आक्षेपच प्रश्नरूपाने घेतले : अमेरिकेस का जाता, हिंदुस्थानात शिकण्याची सोय नाही काय, एकट्या का जाता, जातीबाहेर टाकल्यास काय कराल, आणि एकेका प्रश्नास उत्तर दिले. ह्या रचनेत प्रश्न कोणाचे आणि उत्तर कोणाचे ह्याविषयी श्रोत्यास संभ्रम राहत नाही. विरोधकांचे म्हणणे त्यांनी त्यांच्या पदरात टाकले आणि आपले आपल्याकडे ठेवले. सातवीच्या मुलास भाषणाचा याहून सोपा नमुना दाखविता येणार नाही. “लोक असे विचारतात, मी असे म्हणते,” एवढ्या आधारावर ते आपल्या गावच्या पाण्याविषयी, बसविषयी किंवा शाळा सोडलेल्या मैत्रिणीविषयी बोलू शकते.

वरच्या वर्गांसाठी दुसरा नमुना संविधान दिनाच्या निमित्ताने घ्यावा. २६ नोव्हेंबरला शाळांतून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर भाषणे होतात. पण बाबासाहेबांनी संविधान सभेत स्वतः केलेली भाषणे कशी होती हे क्वचितच सांगितले जाते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी त्यांनी संविधानाचा मसुदा विचारासाठी मांडला. मसुद्यावर आक्षेप असा होता की त्यात नवे काही नाही, १९३५ च्या कायद्यातील पुष्कळसा भाग जसाच्या तसा उतरला आहे. म्हणजे उसनवारीचाच आरोप! त्यांनी तो टाळला नाही. कायद्यातून कलमे घेतली आहेत हे मान्य केले, उसने घेण्यात लाज वाटण्याजोगे काही नाही, ते वाङ्मयचौर्य नव्हे, आणि संविधानाच्या मूलभूत कल्पनांवर कोणाचाही मक्ता नसतो, अशा आशयाचे उत्तर दिले. कोठून घेतले हे उघड सांगितल्यावर घेणाऱ्याची मान खाली जात नाही, ह्याचा याहून थोर दाखला मिळणे कठीण.

त्याच भाषणात संविधानाच्या नीतीविषयी बोलताना त्यांनी ग्रीसचा इतिहासकार ग्रोट ह्याचे नाव घेऊन त्याचा उतारा वाचला. ग्रामसमाजाविषयी मेटकाफचे मत उद्धृत केले ते मात्र मान्य करण्यासाठी नव्हे. त्याचे नाव घेऊन, त्याचे म्हणणे मांडून, मग त्यांनी ते खोडले. आधार सांगणे म्हणजे होकार देणे असे ज्या शिक्षकांस वाटते त्यांनी हा भाग लक्षपूर्वक वाचावा. (खेड्यांविषयीचे त्यांचे मत खेड्यातील शिक्षकास कदाचित रुचणार नाही. तेही वर्गात चर्चेस घेण्यास हरकत नाही.) पुढे २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात जॉन स्टुअर्ट मिल आणि आयर्लंडचा देशभक्त डॅनिएल ओकॉनेल ह्यांचे विचार सांगताना त्यांनी ती नावे प्रथम उच्चारली. आपणास दिले जाणारे श्रेय सर्वस्वी आपले नाही, त्यात बी. एन. राव आणि मसुदा लिहिण्याचे प्रमुख काम करणारे एस. एन. मुखर्जी ह्यांचाही वाटा आहे, असेही त्यांनी त्याच वेळी सांगितले. संविधान सभेच्या कामकाजाचे छापील वृत्त उपलब्ध असल्याने हे सर्व पडताळता येते. “संविधान एकट्यानेच लिहिले” असे उत्साहाने सांगणाऱ्या मुलास रागावण्यापेक्षा बाबासाहेबांचे हे भाषण वाचून दाखवावे.

लेखात टीप देता येते, भाषणात ती देता येत नाही. ही अडचण खरी आहे. श्रोत्याच्या हातात कागद नसतो, मागे जाऊन पुनः पाहण्याची सोय नसते. म्हणून भाषणात धन्याचे नाव उसन्या वाक्याच्या आधी यावे. वाक्य ऐकून टाळ्या पडल्यानंतर “असे अमुक म्हणाले” असे जोडल्यास टाळ्या भलत्यासच मिळालेल्या असतात. पुस्तकाचे नाव आणि लेखकाचे नाव एवढे तोंडाने सांगितले म्हणजे पुरे; पृष्ठांक, आवृत्ती हा तपशील कागदावर असावा आणि तो कागद शिक्षकाकडे राहावा. दुसऱ्याचे शब्द कोठे संपले हे कळण्यासाठी क्षणभर थांबावे, किंवा “मला मात्र असे वाटते” ह्या शब्दांनी आपले बोलणे पुनः सुरू करावे. मूळ पुस्तक न पाहता दुसऱ्या पुस्तकातून अवतरण उचलले असेल तर त्या दुसऱ्या पुस्तकाचेच नाव सांगावे. घरच्या वडीलधाऱ्या माणसाने सांगितलेली गोष्ट असेल तर “माझ्या आजीने सांगितले” हा पूर्ण प्रतिष्ठित आधार आहे. शहापूर-मुरबाडकडील ठाकर, कातकरी, कुणबी घरांतील किंवा भिवंडी-कल्याणकडील आगरी घरांतील मुलास आपल्या बोलीत आजीचे शब्द सांगू द्यावेत. पुष्कळ मुले छापील भाषण पाठ करतात ती आळसाने करीत नाहीत. घरची भाषा व्यासपीठावर चालत नाही अशी त्यांची समजूत शाळेनेच करून दिलेली असते. तो मुरबाडचा “भाषा घरगुती” हा शेरा अशाच समजुतीतून आलेला आहे.

नाव एकदा सांगितले म्हणजे कायमचे सुटलो असेही नाही. अमेरिकेतील जो बायडेन ह्यांनी १९८७ साली अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी प्रचार करताना ब्रिटिश मजूर पक्षाचे पुढारी नील किनॉक ह्यांच्या भाषणातील भाग वापरला. इतर सभांतून ते किनॉकचे नाव घेत असत; आयोवा येथील एका सभेत ते राहिले. आपल्या कुळात महाविद्यालयात जाणारा मी पहिलाच, हा किनॉकच्या आयुष्यातील तपशील बायडेन ह्यांच्या तोंडी आला. गवगवा झाला, जुन्या गोष्टीही बाहेर निघाल्या, आणि सप्टेंबर १९८७ मध्ये त्यांना त्या निवडणुकीतून माघार घ्यावी लागली. पुढे २०२१ ते २०२५ ह्या काळात ते राष्ट्राध्यक्ष झाले हे खरे, पण मध्ये तेहतीस वर्षे गेली.

शिक्षकांच्या स्वतःच्या भाषणांविषयी थोडे कडू लिहिणे भाग आहे. अब्राहम लिंकनने मुलाच्या मुख्याध्यापकास लिहिलेले म्हणून जे पत्र असंख्य शाळांच्या कार्यालयांत चौकटीत लावलेले असते आणि ५ सप्टेंबरला हमखास वाचले जाते, ते लिंकनच्या संग्रहित लेखनात सापडत नाही. ते त्याचे असल्याचा पुरावा अभ्यासकांस मिळालेला नाही. मराठीत त्या पत्रास जे सुंदर रूप आहे ते कविवर्य वसंत बापट ह्यांनी दिलेले. व्यासपीठावर मात्र ज्याने लिहिल्याचा पुरावा नाही त्याचे नाव घेतले जाते, आणि ज्यांचे मराठी शब्द आपण प्रत्यक्ष उच्चारतो ते बापट अनुल्लेखित राहतात. मजकूर चांगला आहे. तो वाचू नये असे कोणी म्हणणार नाही. “लिंकनच्या नावावर सांगितले जाणारे, वसंत बापटांनी मराठीत आणलेले पत्र” एवढे म्हटले की काम भागते.

मेकॉलेच्या नावावर फिरणाऱ्या उताऱ्याचीही तीच गत. त्याने २ फेब्रुवारी १८३५ रोजी ब्रिटिश पार्लमेंटमध्ये हिंदुस्थानच्या संपन्नतेविषयी अमुक उद्गार काढले, असे शिक्षणावरील कितीतरी भाषणांत ऐकू येते. परंतु मेकॉले १८३४ सालीच हिंदुस्थानात आला होता. २ फेब्रुवारी १८३५ ही त्याच्या शिक्षणविषयक टिपणाची तारीख आहे आणि त्या वेळी तो कलकत्त्यास होता. त्याच दिवशी लंडनमध्ये भाषण करणे त्यास शक्य नव्हते. त्याच्या खऱ्या टिपणातील मते टीका करण्यास भरपूर पुरतात. खोट्या उताऱ्याची मदत घेण्याचे कारण नाही. बोलणारा त्या दिवशी तेथे होता काय, एवढा एक प्रश्न विचारला तरी पुष्कळ बनावट अवतरणे गळून पडतात.

मोबाईलवर मिळालेल्या मजकुराबाबत “मोबाईल” हा आधार होऊ शकत नाही, जसे “कागद” हा होऊ शकत नाही. मजकूर लिहिणाऱ्याचे नाव तेथे आहे काय ते पाहावे. नसेल तर तो पडताळल्याशिवाय वापरू नये. आता विषय सांगताच क्षणात अख्खे भाषण लिहून देणारी यंत्रेही हाताशी आली आहेत. ती कधी घडलेला प्रसंग न घडलेल्या तारखेस घालतात आणि न बोललेले वाक्य थोर पुरुषाच्या तोंडी देतात. माहिती शोधण्यास शिक्षकाने त्यांची मदत घ्यावी की न घ्यावी हा स्वतंत्र विषय आहे, परंतु मुलाच्या हाती तयार भाषण द्यावयाचेच असेल तर ते पुस्तिकेतून दिले काय आणि यंत्रातून दिले काय, त्या मुलाच्या दृष्टीने फरक पडत नाही. जागेवर जाऊन मान खाली घालण्याची पाळी त्याच्यावर दोन्ही वेळा सारखीच येते.

पडताळण्यास पुस्तके कोठे आहेत, ही तक्रार दुर्गम शाळांच्या बाबतीत रास्त आहे. तथापि कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून चालू आहे. तालुक्याच्या कामास जाणाऱ्या एका शिक्षकाने केंद्रातील सर्व शाळांच्या शंका एका कागदावर घेऊन जाव्यात, महिन्यातून एकदा जरी गेले तरी पुष्कळ उलगडा होतो. साहित्य संमेलनाध्यक्षांची भाषणे छापली जातात. डोंबिवलीस २०१७ साली झालेल्या नव्वदाव्या संमेलनाचे अध्यक्ष अक्षयकुमार काळे ह्यांचे भाषणही छापील आहे. लांबलचक भाषणात आधार कसे गुंफतात हे पाहण्यास अशी भाषणे शिक्षकाने स्वतःसाठी वाचावीत.

राहता राहिला गुणांचा प्रश्न. केंद्रपातळीवर स्पर्धा घेताना परीक्षकांच्या कागदावर पाठांतर व आवाज ह्यांच्या जोडीस “आधाराचा उल्लेख” आणि “स्वतःचा अनुभव किंवा मत” असे दोन रकाने घालावेत, आणि त्यांचे गुण पाठांतराहून कमी नसावेत. विषय निदान पंधरा दिवस आधी द्यावा. प्रत्येक मुलाने भाषणासोबत एक चिठ्ठी द्यावी. तीवर आपण काय वाचले, कोणास विचारले आणि आपले स्वतःचे वाक्य कोणते, एवढेच लिहिलेले असावे. लहान वर्गांत ही चिठ्ठी तोंडी चालेल. मूल मध्येच अडल्यास परीक्षकाने त्याच चिठ्ठीवरून “तू आजोबांना काय विचारलेस?” असे विचारावे, पाठ केलेले विसरते, पण विचारलेले सहसा विसरत नाही. मुरबाडच्या त्या मुलीचा गुणपत्रिकेचा कागद अद्याप शाळेच्या दप्तरात असेल तर मुख्याध्यापकांनी तो काढून ह्या नव्या रकान्यांप्रमाणे एकदा भरून पाहावा, आणि येत्या १ ऑगस्टच्या तयारीस बसण्यापूर्वी तो तिला दाखवावा.